किल्ल्या कुणाच्या कमरेला?

मनमाडला गाडी बदलायची म्हणजे थांबणं आलंच. मुंबईकडून आलेला माणूस इथून सरळ भुसावळकडे जातो, नाहीतर नगरवरून दौंडला, नाहीतर छत्रपती संभाजीनगरवरून नांदेडला. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेली शीख कुटुंबं इथे उतरतात, गुरुद्वारा गुप्तसर साहिबमध्ये लंगर घेतात आणि पुढची गाडी धरतात. त्या पंगतीत बसलेल्याला कुणी नाव विचारत नाही, जात तर नाहीच नाही. आणि वाढणाऱ्याकडे बघून तो गुरुद्वाऱ्याचा पदाधिकारी आहे की सकाळीच ट्रक लावून आलेला ड्रायव्हर, हे काही ओळखता येत नाही.

ख्रिस्ती नेतृत्वावर चर्चा निघाली की मला हा लंगर आठवतो आणि थोडं ओशाळायला होतं. पुढारी म्हणजे सेवक, हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा म्हटलं गेलंय की ते गुळगुळीत झालंय. मेळाव्याच्या पत्रिकेवर नावाआधी 'प्रभूचे सेवक' छापलेलं असतं, आणि त्याच सेवकासाठी व्यासपीठावर मधली, उंच पाठीची खुर्ची राखलेली असते. तिच्यावर दुसरं कुणी चुकून बसलं तर कार्यकर्ते धावत येतात.

माझ्या लहानपणी आमच्या मंडळीत एक खजिनदार होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन. देवळाच्या छपराचे पत्रे उडाले तेव्हा नवे पत्रे त्यांनी पदरचे पैसे घालून आणले आणि कुठे नाव लिहू दिलं नाही. कुणाच्या मुलाची फी असो की कुणाच्या मयताचा खर्च, त्यांचा हात कायम खिशात. पण मंडळीच्या लोखंडी कपाटाच्या किल्ल्या मात्र त्यांच्याच कमरेला. प्रभुभोजनाचा प्याला, बाप्तिस्म्याची वही, दानाची पेटी, सगळं त्या एका कपाटात. एका रविवारी त्यांना पहाटे दवाखान्यात न्यावं लागलं. किल्ल्या त्यांच्याबरोबर गेल्या. उपासना सुरू झाली, प्रभुभोजनाची वेळ आली आणि पाळकसाहेब कपाटासमोर उभे. शेवटी लोको शेडमधल्या एका फिटरने हातोडी आणून कुलूप फोडलं. गायनमंडळ तोवर एकच गीत पुन्हा पुन्हा म्हणत होतं.

नि:स्वार्थ देणं हा ख्रिस्ती नेतृत्वाचा गाभा मानला तर त्या कपाटाचं काय करायचं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास त्या नजरेने चाळला तर एक गोष्ट ठळक दिसते. पैसा, अन्न, औषध, आयुष्य, हे सगळं पुढाऱ्यांनी भरभरून दिलं. किल्ल्या फार थोड्यांनी दिल्या.

शुभवर्तमानात या प्रश्नाचं मूळ एका रात्रीत आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी गुरू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळात हे काम घरातल्या सर्वांत खालच्या गुलामाचं. अडवतो फक्त पेत्र, आणि स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या ज्याला देण्याचं वचन आहे तोही पेत्रच. एकाच्या कमरेला रुमाल, दुसऱ्याच्या हाती किल्ल्या. पुढच्या दोन हजार वर्षांत मंडळीने बोधचिन्ह म्हणून काय निवडलं, हे व्हॅटिकनचा झेंडा पाहिला की कळतं.

पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातही हेच सूत्र आहे. ख्रिस्ताने आपल्या बरोबरीच्या स्थानाला चिकटून न राहता स्वतःला रितं केलं, असं तो मांडतो. इथला मूळ ग्रीक शब्द भांडं उपडं करण्याच्या जातीचा आहे. माझ्याकडे शंभर आहेत, दहा घे, या हिशेबात तो बसत नाही. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट तर आपल्याकडे दर वर्षी निधी गोळा करताना सांगतात. पण मार्कच्या शुभवर्तमानात तिच्या अगदी आधी काय आहे ते कुणी वाचून दाखवत नाही. सभास्थानातल्या पुढच्या खुर्च्या हव्या असणारे आणि विधवांची घरं गिळणारे शास्त्री यांच्यावर येशूने तिथे कोरडे ओढलेत. मग ती गोष्ट विधवेची स्तुती आहे की दानपेटी सांभाळणाऱ्यांवरचा ठपका? मला तरी दुसराच अर्थ जास्त खरा वाटतो.

अमेरिकेत टेलिफोन कंपनीत आयुष्य काढलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफने १९७० मध्ये 'सेवक-नेता' ही कल्पना निबंधातून मांडली आणि आता ती व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. शिकवोत बापडे. आपण आपली मनमाडची गाडी धरू.

पहिली गाडी नाशिककडची. मार्च १८२६ मध्ये या भागात रेल्वे नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल मुंबईहून नाशिकला आला तेव्हा शहरात पटकी थैमान घालत होती. हॉल १८१३ पासून मुंबईत होता, मराठी शिकला होता, शाळा चालवत होता, नव्या कराराच्या भाषांतरावर काम करत होता. बरोबर दोन ख्रिस्ती मुलगे आणि औषधांची पेटी. काही दिवस तो नाशिकात राहिला, लोकांना भेटला आणि जवळचं जवळजवळ सगळं औषध वाटून टाकलं. परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला. पहाटे त्यालाच पटकी झाली. पेटीत स्वतःपुरतं औषध उरलेलं नव्हतं. २० मार्चला तो गेला. वय एक्केचाळीस.

या गोष्टीत खोट काढावी असं काही नाही. पण नेतृत्वाची खरी परीक्षा हॉलच्या वाट्याला आलीच नाही, हेही खरं. ज्याला संस्था चालवायची वेळ येत नाही, त्याचं देणं निर्मळ राहणं सोपं असतं. संस्था उभी राहिली की इमारत येते, इमारतीला दार येतं आणि दाराला कुलूप.

अशी संस्था नाशिकजवळ १८५० च्या दशकात उभी राहिली. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइसने शरणपूर वसवलं. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली. ती शाळा शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. आज नाशिकात शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात, पण त्या नावातला शरण आलेला माणूस आफ्रिकेतला होता, हे किती जणांना ठाऊक असेल? त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या मध्यावर मरण पावला. जेकबसह त्याच्या माणसांनी त्याचं शव वाळवलं, झाडाच्या सालीत गुंडाळलं आणि नऊएक महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली होती, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांत तोही होता. साहेब मेल्यावर ही माणसं पांगली असती तरी कुणी जाब विचारला नसता. न्यायचंच, हे त्यांनी आपापसांत ठरवलं. त्या प्रवासाला नेतृत्व म्हणायचं की नाही? इतिहासाने त्यांना 'विश्वासू नोकर' म्हटलं आणि विषय मिटवला.

दुसरी गाडी दौंडची, आणि खरा ऐवज या मार्गावर आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. या रुळांच्या दोन्ही अंगांना मराठी ख्रिस्ती समाजाचा कणा आहे. बेलापूर-श्रीरामपूर, राहुरी, नगर. आणि दौंडवरून पुण्याकडे वळलं की केडगाव. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये पोचलं. १८५४ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना तिथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे मोठे दुष्काळ पडले. मिशनने अन्न दिलं, काम दिलं, अनाथ पोरं सांभाळली. गावकुसाबाहेरचे महार, मांग मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले आणि 'पोटासाठी बाटले' हा टोमणा तेव्हापासून त्यांच्या मागे लागला.

या टोमण्याचा मला राग येतो आणि तो पुरता खोटा आहे असंही म्हणवत नाही. राग अशासाठी की त्याच दुष्काळात गावातली कणगी कुणासाठी उघडली आणि कुणासाठी नाही, हे टोमणा मारणारा सांगत नाही. आणि पुरता खोटा नाही अशासाठी की ज्याच्या हातात धान्याचं पोतं आहे, त्याच्यासमोर भुकेल्या माणसाचं 'हो' कितपत स्वतःचं असतं? मिशनरी वाईट होते असं नव्हे. त्यातले बरेच आपली मुलं इथल्या मातीत पुरून कामाला लागलेले होते. पण पोतं त्यांच्याकडे, शाळा त्यांची, पगाराचा तक्ता त्यांचा, आणि कुणाला पाळक नेमायचं हेही त्यांच्याच बैठकीत ठरायचं. देणारा कायम देणारा आणि घेणारा कायम घेणारा राहिला.

केडगावची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे देणारी व्यक्ती आधी उपाशी राहिलेली होती. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री, आई आणि बहीण दक्षिणेतल्या दुष्काळात गेली. त्या आणि त्यांचा भाऊ पायी भटकत उरले. त्यामुळे १८९६ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाई वर्गणीचं पत्रक काढून थांबल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या आणि पोरक्या मुलींना, बालविधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथे मुक्ती ही संस्था उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास मुली-बायका होत्या. एवढ्या माणसांना रोज दोन वेळा भाकरी घालायची म्हणजे काय, हे ज्यांनी लग्नाच्या पंगतीचा अंदाज कधी चुकवलाय त्यांना कळेल.

रमाबाईंचं मोठेपण मला भाकरीपेक्षा छापखान्यात दिसतं. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी विणकाम, शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा शिकवला. आणि खिळे जुळवायलाही शिकवलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि ते जुळवून छापलं ते या बायकांनी. मजकूर सोपा हवा, अडाणी बाईला कळेल असा हवा, हा त्यांचा हट्ट होता. अंध मुलींसाठी ब्रेलची शाळा त्यांची लेक मनोरमाबाईंनी चालवली. आदल्या वर्षी जी पोर कुणाच्या तरी ओसरीवर मरायला टाकलेली होती, तिच्या हातात अक्षरं देणं. किल्ली द्यायची ती अशी.

आणि तरीही. मुक्तीचा सगळा गाडा रमाबाईंभोवती फिरत होता. वारसदार म्हणून लेक मनोरमा तयार केलेली. ती २४ जुलै १९२१ रोजी गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. पुढची बरीच वर्षं संस्थेची सूत्रं परदेशी मिशनरी बायकांकडे राहिली. ज्या बाईने शारदा सदन या आपल्या आधीच्या संस्थेच्या काळापासून परकीय देणगीदार समित्यांशी आपल्या मताने भांडण मांडलं, तिच्या दोन हजार लेकींमधून कारभार हाती घेणारी एक बाई पुढे येऊ नये, ही या कथेतली खंत आहे. रमाबाईंवर ठपका ठेवायचा म्हणून मी हे म्हणत नाही. इतक्या मोठ्या माणसालाही जे जमलं नाही ते किती अवघड असेल, याचा अंदाज यावा म्हणून.

आता राहुरी-नगरचे रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. घरी येणाऱ्याला घरातलं उचलून देणारा, उद्याचा विचार न करणारा, भोळा, तापट माणूस. त्यांच्या दानशूरपणाच्या गोष्टी मराठी माणसाला ठाऊक आहेत, पण त्या आपल्याला कुणी सांगितल्या? लक्ष्मीबाईंनी, 'स्मृतिचित्रे'मध्ये. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर चार-पाच वर्षं ताटातुटीत काढलेली, मग स्वतःच्या मनाने १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतलेली. तिचं पुस्तक वाचताना आपण हसतो, कारण ती हसवते. पण हसू ओसरलं की ध्यानात येतं, टिळक जे देत होते ते स्वयंपाकघरातून जात होतं. डबा रिकामा कुणाचा झाला? पाहुण्यांसमोर अब्रू कुणी राखली?

ख्रिस्ती नेतृत्वावरच्या इतक्या व्याख्यानांत ही बाजू मी कधी ऐकलेली नाही. पाळकाने सर्वस्व दिलं म्हणतात तेव्हा त्या सर्वस्वात बायकोची झोप आणि पोरांच्या शाळेची सहल धरलेली असते. तिला विचारून दिलं होतं का? आमच्या गावाकडे पाळकाच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. पद नाही, पगार नाही, पण बायकांची सभा, रविवारची शाळा, आजाऱ्याच्या घरचा डबा, अर्ध्या रात्री दारात आलेली मार खाल्लेली सून, हे सगळं तिच्याकडे. नि:स्वार्थ सेवेचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून भिंतीवर लागतं ते साहेबांच्या नावाचं.

टिळकांनी मात्र एक पाऊल असं उचललं की त्यामुळे त्यांना या लेखात मानाचं स्थान द्यावंच लागतं. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे भक्त तिथे भावंडं म्हणून यावेत, अशी कल्पना होती. पगार सोडणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग हा की पाश्चात्त्य मिशनने इथल्या मंडळीला पोसणं थांबवून बरोबरीने वागवावं, हा आग्रह त्यांनी नोकरीत असतानाही सोडला नव्हता. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले आणि दरबार फार काही उभा राहिला नाही. अपयशी म्हणून आपण तो विसरलो. यशस्वी संस्थांचे अर्धपुतळे आपल्याकडे भरपूर आहेत.

टिळकांची ही कळ एकट्याची नव्हती. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत तमिळ भाषिक व्ही. एस. अझरैया यांनी भर सभेत मिशनऱ्यांना सुनावलं होतं. तुम्ही आम्हाला संपत्ती दिलीत, प्राणही दिलेत, आता मैत्री द्या, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृहात अस्वस्थता पसरली. प्राण देणाऱ्यांकडे आणखी काय मागायचं? पण तेच मागायचं होतं. मैत्रीत दोघांच्या खुर्च्या एका उंचीच्या लागतात.

मनमाडच्या आसपास हा प्रश्न सर्वांत धारदारपणे ज्याने विचारला तो माणूस ख्रिस्ती नव्हता. इथून तासाभराच्या वाटेवरच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि सगळ्या धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्या दाराशी येऊ लागले. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयीची ओढ बोलून दाखवली, आणि मग हिशेब मांडला. धर्मांतरानंतरही जात मंडळीत टिकून आहे आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज समाज म्हणून कधी लढलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे सहाच आठवड्यांनी, १२ आणि १३ फेब्रुवारीला, ते मनमाडला होते. जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद होती ती, आणि ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी तिथली.

सोलापूर आणि मनमाड ही दोन भाषणं शेजारी ठेवून वाचावीत असं मला वाटतं. मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला, मिरजेला वानलेससारखा सर्जन दिला, पण बोलायचा हक्क दिला का? दात्याच्या ओसरीवर वाढलेला समाज दात्याला विचारल्याशिवाय मोर्चा काढत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले, शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये, आणि ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामागे इतरही कारणं आहेत, पण आपला आवाज आपल्याकडे नसण्याची ही सवय त्यातलं एक आहे.

किल्ल्या हवाली करण्याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण याच पट्ट्यातलं, आणि ते एका परदेशी माणसाचं आहे. फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे येशूसंघीय. १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात रुजले. १९७२ च्या दुष्काळाच्या आधीपासूनच पाणी हा इथला मूळ प्रश्न आहे हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 'वॉटर' ही संस्था. यात धर्मांतराचा संबंध नव्हता. होत्या त्या अटी. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेने ठरवायची. पाणलोट समिती ग्रामसभा नेमणार आणि पैशाचा व्यवहार समिती बघणार. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्याचं गाजलेलं गाव. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं कुलूप देणाऱ्याकडे राहतं, हे त्या माणसाने नेमकं हेरलं होतं. चराईबंदीचा भार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनांवर जास्त पडला, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे आणि ती रास्त आहे. ग्रामसभेच्या हाती किल्ली दिली तरी ग्रामसभेत कुणाचा आवाज मोठा, हा प्रश्न उरतोच. बाखर २०२१ मध्ये गेले.

एक तुलना इथे सुचल्याशिवाय राहत नाही. गाडगेबाबांनी नाशिक-पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या आणि विश्वस्तांच्या हवाली करून खराटा उचलून पुढे निघाले. मराठी माणसाला नि:स्वार्थ नेता ओळखायला ग्रीक शब्द लागत नाही.

आजचं चित्र? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात प्रोटेस्टंटांची उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि नाशिकचा धर्मप्रांत तिच्यात आला. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये झाला, थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप. म्हणजे खुर्चीवर आपली माणसं आली. पण मिशनच्या बंगल्यांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या जमिनींवरून चाललेले खटले वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळतात, आणि मंडळ्यांच्या निवडणुका बाजार समितीच्या निवडणुकांना मान खाली घालायला लावतील अशा होतात. गोरा साहेब गेला, त्याचा जुडगा तेवढा राहिला. दुसऱ्या टोकाला नव्या स्वतंत्र प्रार्थनासभा आहेत. तिथे गाणं जोरकस, माणसं जिवाभावाची. पण पुष्कळ ठिकाणी पाळक, विश्वस्त, खजिनदार एकाच घरातले. बीज पेरा म्हणजे शंभरपट मिळेल, असं यूट्यूबवर सांगणाऱ्यांबद्दल काय लिहावं? ते दान नव्हे, भिशी आहे.

परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाले. एका संस्थेने आलेला निधी दुसरीला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. अनेक चांगली कामं त्यात अडचणीत आली. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की गावच्या मंडळीला आता गावाच्याच खिशाकडे बघावं लागतं.

आणि गावाचा खिसा कसा उघडतो ते बघायचं तर हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी आमच्या मंडळीत यावं. भोपळे, मक्याची कणसं, बाजरीचं गाठोडं, पाय बांधलेला कोंबडा, कुणाच्या खिडकीतल्या कुंडीतली चार मिरच्या लागलेली फांदी, सगळं वेदीसमोर मांडलेलं असतं. उपासना संपली की अंगणात लिलाव. गेल्या खेपेला एका म्हातारीने एकच अंडं आणलं होतं, पदराच्या टोकात बांधून. रेल्वेतल्या एका गँगमनने ते एक्कावन्न रुपयांना घेतलं आणि परत लिलावात टाकलं. दुसऱ्याने एकाहत्तरला घेतलं, त्यानेही परत दिलं. असं ते अंडं सात-आठ हातांतून फिरलं. कुणी किती दिले हे सगळ्यांनी ऐकलं, पैसे सगळ्यांसमोर मोजले गेले, वहीत दोघांनी सह्या केल्या. शेवटी ते अंडं म्हातारीच्याच नातवाच्या हातात ठेवलं. त्याने ते घरी जाईपर्यंत फोडलं, हा भाग वेगळा.

त्याच मंडळीत पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो. मनमाडला नळाला पाणी कधी पंधरा, कधी वीस दिवसांनी यायचं, त्यामुळे त्या विधीला घंगाळभर पाणी नसायचंच. एक स्टीलची परात आणि एक तांब्या. एकदा पाळकसाहेबांनी कमरेला टॉवेल बांधला आणि बारा जणांसमोर एकामागून एक गुडघे टेकले. साठीचा माणूस, सांधे दुखत होते, उठताना दर वेळी बाकाला धरत होता. बारावा होता हमाली करणारा एक तरुण. त्याने टाचा आधीच घरून घासून आणल्या होत्या, त्या नुसत्या लाल झाल्या होत्या. विधी संपला, दिवे मंदावले, साहेब वेदीपाशी प्रार्थनेला बसले. परात तशीच राहिली होती. पाळकीणबाई मागच्या बाकावरून उठल्या, आणखी एकीने दुसरा काठ धरला, आणि दोघी ती न हिंदकळता बाजूच्या दाराने बाहेर घेऊन गेल्या. कुंपणाजवळ लिंबाचं रोप लावलेलं आहे, त्याच्या आळ्यात त्यांनी ते पाणी सावकाश ओतलं.